बाईनं पुन्हा विणलेली अकरा धोतरं

बाई गेल्याची तार मला वरोऱ्याला रहीमभाईंच्या दुकानात मिळाली. दुपारची वेळ होती, बाजाराचा दिवस नव्हता, आणि मी गादीवर बसून नवी आणलेली कोशाची धोतरं त्यांना एकेक उलगडून दाखवत होतो. पोस्टमननं तार दिली. मी ती वाचली, तक्क्याशेजारी ठेवली आणि हातातल्या धोतराची घडी घालू लागलो. घडी नीट बसेना म्हणून उलगडून पुन्हा घातली. मग दुसरं धोतर घेतलं. रहीमभाईंनी तार वाचली नाही, पण जन्मभर बाजारात बसलेल्या माणसाला तार कशाची असते ते कळतं. त्यांनी माझ्या हातातलं कापड काढून घेतलं आणि म्हणाले, "छोड दे भाई. कोन गेलं?" मी म्हणालो, "बाई." ते उठले, दुकानाची एक फळी लावली, मग दुसरी… मला तेव्हा एवढंच वाटलं, की अजून चांगलं ऊन आहे, आत्ताच दुकान कशाला बंद करतात.

वरोऱ्याहून चांदा, चांद्याहून छोट्या गाडीनं नागभीड, तिथून सर्व्हिस मोटर, मग डोंग्यानं वैनगंगा ओलांडायची, आणि पुढे आरमोरीच्या अलीकडे आमचं गाव. मी दुसऱ्या दिवशी ऊन कलताना पोचलो. सगळं उरकलं होतं. बाई दुपारी धागा वळत बसली होती, तशीच भिंतीला टेकली, हातातला कोसा घरंगळून अंगणात गेला, तेव्हा शेजारणीनं पाहिलं, असं मला सांगितलं. मी ऐकलं आणि विचारलं की चुलीवर काही होतं का. होतं म्हणाले, कोसे उकळत होते, ते उतरवून ठेवले. बरं झालं, असं मी म्हणालो. या गोष्टीला आता दीड महिना होत आला. तेरावं झालं, पाहुणे गेले, पण मला रडू आलेलं नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघतात आणि मीही आरशात कधी कधी बघतो… काही दिसत नाही. हे लिहितो आहे ते बाईची थोरवी गाण्यासाठी नाही. तिला ते आवडलंही नसतं. पण तिनं एकदा एक काम केलं, ते माझ्यामुळे तिला करावं लागलं, आणि ते कोणाला तरी सांगितलं पाहिजे असं गेल्या आठवड्यात अहेरीहून परत आल्यापासून सारखं वाटतं.

ती माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. नाव मनकर्णा, पण त्या नावानं तिला हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. आम्ही कोष्टी. घरात दोन माग, एक वडिलांचा आणि एक गोविंदाभाऊंचा. गोविंदाभाऊ वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे विणायला होते. बाईचं लग्न लवकर झालं आणि तिचा संसार त्याहून लवकर संपला. नवरा तापानं गेला, तशी ती माहेरी परतली. त्या वेळी मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो. पुढे वडील गेले, तेव्हा ती एक दिवस त्यांच्या मागावर जाऊन बसली. कोष्ट्याच्या बाया धागा काढतात, कांड्या भरतात, पण मागावर बसत नाहीत. गावात चार लोक बोलले. बाई म्हणाली, "माग काई बाप्या-बाई पाहून चालते का?" आणि धोटा फेकला. मला तिनं शाळेत ठेवलं, व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे मराठी सातवीपर्यंत. शिकून झाल्यावर विणण्याऐवजी मी विकण्याचं काम घेतलं. मला ते आवडायचं. फिरायचं, चार गावं बघायची, माल उलगडून दाखवायचा, माणूस बोटांनी कापड चाचपतो त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघायचं.

कोसा म्हणजे जंगलचं रेशीम. ऐनाच्या झाडांवर किडे वाढतात, स्वतःभोवती टणक घर बांधतात, तोच कोसा. आमच्याकडे ते पाळण्याचं काम ढीवर लोक करत. एरवी तळ्यात आणि नदीत मासे धरून पोट भरणारी ही माणसं त्या दिवसांत जंगलात झोपडी बांधून राहत, पायात काही घालत नसत, आणि मासळीला शिवत नसत. दसऱ्यानंतर पाट्या भरभरून कोसे आमच्या अंगणात येत. मग ते राखेच्या पाण्यात उकळायचे. आतला किडा मरतो, धागा सैल होतो, आणि बाया तो मांडीवर वळून काढतात. बाईच्या डाव्या मांडीला त्यानं घट्टा पडला होता. ज्या दिवशी पहिला घाणा उकळायचा त्या दिवशी ती जेवत नसे. मडकं चुलीवर चढलं की समोर उकिडवी बसे, हात जोडी, आणि पाण्याला बुडबुडे येईपर्यंत तशीच राही. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, "कोन्या देवाचं नाव घेऊन राह्यली?" ती म्हणाली, "देवाचं नाई रे. त्याइले माफी मागून राह्यली." मी मडक्यात डोकावून बघितलं. मला वाटलं होतं किडे काही बोलत असतील.

तिला पोथ्या वाचता येत नव्हत्या. देवळात कथा लागली की मागच्या खांबाजवळ बसून ऐके, पण त्यातलं ती कधी कोणाला सांगत नसे. तिचा देवधर्म सगळा मागाच्या आसपास होता. सकाळी आंघोळ करून मागाला हात लावायचा, मग बसायचं. दोरा तुटला तर गाठ अशी मारायची की उलट्या बाजूनंही दिसू नये. मी एकदा म्हणालो, की उलटी बाजू कोण बघतं. ती म्हणाली, "नेसणारा नाई पाहत. पण ज्याच्यासमोर तो नेसून बसते, तो पाहते ना." आमचं धोतर लोक सोवळ्यासाठी घ्यायचे. पूजेला, श्राद्धाला, मुलाच्या मुंजीला. कोसा शुद्ध असतो, तो रोज धुवावा लागत नाही, ओवळा होत नाही, असं समजतात. म्हणजे आमच्या कापडाची सारी किंमत ‘शुद्ध’ या एका शब्दात होती.

आणि त्याच शब्दाला मी हात घातला. जिल्हा तेव्हा अजून मध्यप्रदेशात होता. एका साली उन्हानं आणि रोगानं किडे झाडावरच काळे पडून गळाले. दसऱ्यानंतर ढीवरांनी आणलेल्या पाट्या अर्ध्यासुद्धा नव्हत्या. इकडे लग्नसराई, मागणी भरपूर. त्याच सुमारास आमची आत्या आजारी पडली म्हणून बाई तिच्या सेवेला गडचिरोलीला गेली आणि दोन-अडीच महिने तिथंच राहिली. मी नागपूरला गेलो असताना एका सुताच्या व्यापाऱ्यानं मला नकली सिल्कची लड दाखवली. रंग अगदी आमच्या कोशाचा, मधासारखा. हातात घेतली तर मऊ, गुळगुळीत. तो म्हणाला, उभा ताणा खरा ठेवा आणि आडवा बाणा हा घाला, देवाच्या बापाला कळणार नाही. मी लड घेऊन आलो. गोविंदाभाऊंनी ती हातात धरून बराच वेळ बघितली आणि विचारलं, "बाईले ठाऊक आहे?" मी म्हणालो, "हो." ते एक खोटं, आणि पुढची सगळी. त्या दोन महिन्यांत गोविंदाभाऊंनी अकरा धोतरं विणली आणि मी ती विकली. प्रत्येक वेळी मी म्हणालो, शुद्ध कोसा आहे. कोणी काही ओळखलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनाला काही टोचलंही नाही. उलट मला वाटलं, बाई आली की तिला दाखवीन, वाईट सालातही घर कसं चालवलं.

बाई परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मागाची जागा झाडली. विणताना पाय सोडतात त्या खड्ड्याच्या कोपऱ्यात तिला तुटका धागा सापडला, वीतभर. ती तिथंच बसली आणि सवयीनं तो धागा मांडीवर वळून पाहिला. मग पुन्हा वळला. मी दारात दातण करत होतो. ती म्हणाली, "नारायण, हा कोन्या कोशाचा?" मी म्हणालो, असेल कुठला तरी. ती म्हणाली, "नाई. कोशाचा धागा मेल्या जिवाचा असते, वळला तर थोडा तरी उलटून येते. हा कधी जिताच नव्हता." तिनं चुलीतली काडी आणली आणि धाग्याला लावली. खरा कोसा जळताना केस जळल्यासारखा वास येतो. या धाग्याचा वास जळक्या कागदाचा होता. तिनं मान वर केली. तिच्या नजरेत रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मी सगळं सांगितलं. आणि सांगता सांगता भांडायलाही लागलो. सगळेच करून राह्यले म्हणालो. लोकांना फरक कळत नाही, त्यांची पूजा नीट झाली, त्यांच्या देवाची तक्रार नाही. "कोणाचं नुकसान झालं ते तरी सांग मले." बाईनं जळका धागा बोटांनी चुरला. मग म्हणाली, "किड्याचं."

मला हसू आलं होतं, हे इथं लिहिलंच पाहिजे. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "एका धोतरापायी किती जीव घेतो आपण. दरसाल घेतो. हे पाप आहे का नाई मले ठाऊक नाई. बापानं केलं, त्याच्या बापानं केलं, आपलं काम आहे ते. मी माफी मागतो. पण कोन्या भरवशावर मागतो? का बा, तुह्या जिवाचं आम्ही खरं कापड केलं, देवापुढं नेलं, वाया नाई घालवलं. एवढंच आहे माह्याजवळ सांगाले. आता तू त्याच्या नावावर कागद विकला. पुढच्या साली मी मडक्यापुढं बसून काय सांगू, सांग." मग ती म्हणाली, "कोणाकोणाले देल्लं, आठवते का?" मला अकराही माणसं आठवत होती. विकणाऱ्याला आठवतात. "मंग ठीक आहे," ती म्हणाली. "एकेकाले खरं नेऊन देऊ."

बोलायला हे एका वाक्याचं काम होतं. व्हायला दोन वर्षांहून जास्त लागली. कोसे कमी, हात कमी. सुरुवातीला दोन्ही माग याच कामाला लागले आणि विकायला काही उरेना. एक दिवस गोविंदाभाऊंची बायको पार्वता अंगणात येऊन उभी राहिली. ती शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचं पुण्य तुमच्या घरी. आमच्या घरी दोन दिवसांपासून अंबाडीची भाजी आणि पेज आहे. माह्या माणसानं तर विचारून केलं होतं." बाईनं तिचं सगळं ऐकून घेतलं. रात्रभर तिनं काय विचार केला माहीत नाही, पण दुसऱ्या सकाळपासून गोविंदाभाऊ विकायचा माल विणू लागले, नेहमीसारखा, आणि परत द्यायची धोतरं बाई एकटी विणू लागली. घरचा स्वयंपाक, धागा, कांड्या, आणि वर हे. पार्वताला ती एवढंच म्हणाली, "तू बोलली ते बरं झालं. माह्या ध्यानात नव्हतं आलं, का दुसऱ्याच्या ताटातून मी प्रायश्चित्त घेऊन राह्यली."

एक धोतर तयार झालं की आम्ही दोघं निघायचो. तिनं मला एकट्याला कधी पाठवलं नाही आणि ती स्वतःही कधी एकटी गेली नाही. पहिलं मूल गावच्या एका गुरुजींकडे. त्यांनी ते धोतर मुलाच्या मुंजीला नेसलं होतं. बाईनं सांगितलं, आमच्याकडून तुम्हाला खोटा माल आला, हे खरं घ्या. गुरुजी आधी हसले. मग त्यांचं हसू मावळलं, ते मला म्हणाले, "तू शपथेवर सांगितलं होतं," आणि त्यांनी आतून ते धोतर आणून माझ्यासमोर टाकलं. महिन्याभरात ही गोष्ट मूलच्या बाजारात सगळ्यांना माहीत झाली. लोक आमचा माल घ्यायच्या आधी दोरा काढून जाळून बघायला लागले. ब्रह्मपुरीच्या एका जमीनदार मालगुजारानं तर बदलून घ्यायलाच नकार दिला. म्हणाला, तुमचं खरं धोतर अंगाला टोचते बाई, हेच बरं आहे, मऊ. बाईनं खरं धोतर त्याच्या ओसरीवर ठेवलं आणि म्हणाली, "दोन्ही ठेवा. पण कोणतं कोणतं ते ध्यानात असू द्या." परत आलेल्या खोट्या धोतरांचं काय करायचं असं मी विचारलं. मला वाटलं होतं ती जाळायला सांगेल. तिनं ती पार्वताला गोधड्यांसाठी देऊन टाकली. "कापडाचा काय गुन्हा? धागा खोटा नाई रे, नाव खोटं होतं."

सगळ्यात कठीण गेलं ते रहीमभाईंकडे. त्यांच्या दुकानातून दोन धोतरं गेली होती, त्यांच्या शब्दावर. बाईनं सांगितलं तेव्हा त्यांनी तराजूच्या पारड्यासारखी मान खाली घातली. "बाई, मी मुसलमान माणूस," ते म्हणाले. "लोक माझ्याकडून सोवळ्याचं कापड घेतात ते काऊन घेतात? रहीमभाई झूट नाई बोलत म्हणून घेतात. बाकी तर त्यांच्यापाशी काही कारण नाई." त्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत, नंतरही वर्षभर नाही. पण त्यांनी काठी घेतली आणि त्या दोन्ही घरी स्वतः आमच्यासोबत आले. दारात उभं राहून त्यांनी स्वतःच सांगितलं, की चूक माझ्या दुकानाची आहे. आमचं नाव त्यांनी घेतलं नाही. परत येताना मी त्यांच्या मागे चालत होतो, बाई पुढे. मला तेव्हा फार लाज वाटली असं लिहावंसं वाटतं. पण आठवतं ते एवढंच, की त्यांच्या पायातलं एक जुतं करकरत होतं.

शेवटचं, अकरावं धोतर अहेरीचं. तिथल्या जंगल खात्यातून रिटायर झालेले एक बाबू होते. मी कोशांसाठी तिकडे जायचो तेव्हा त्यांच्या घरी उतरायचो. त्यांनी माझ्याकडून धोतर घेतलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा दार त्यांच्या पत्नीनं, यमुनाकाकूंनी उघडलं. त्यांचं कपाळ मोकळं होतं. बाबू जाऊन चार महिने झाले होते. आम्ही ओसरीवर बसलो. बाईच्या मांडीवर गाठोडं होतं आणि त्यात धोतर. काकू आपण होऊन सांगू लागल्या, ते कसे गेले, किती दिवस पडून होते… "शेवटी शेवटी एकच म्हणत होते, मले माझ्या कोशातच न्या. त्याच धोतरात पोचवलं. काई नाई करता आलं त्यांच्यासाठी, पण तेवढं शुद्ध करता आलं, एवढंच समाधान आहे मले." आणि बाईकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीच विणलं होतं ना ते?"

मी बाईकडे बघितलं. रहीमभाई बोलले ती दोन घरं सोडून आठ घरी मी तिला बघितलं होतं. दारात उभं राहून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, ती सांगत आली होती. तिचा हात गाठोड्याच्या गाठीवर होता. ती म्हणाली, "हो."

बस. काकूंनी चहा केला, तो आम्ही प्यालो, निघालो. मोटर आली, आम्ही बसलो, आलापल्ली मागे पडली, सागाची झाडं दोन्ही बाजूंनी लागली, आणि मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, "आजपावतर ते खोटं तुह्यं होतं. आज माह्या तोंडून निघालं." मी म्हणालो, "मंग काय सांगाले पायजे होतं? त्या बाईचं तेवढंच उरलं आहे." ती म्हणाली, "तेच तर." त्या विषयावर ती माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही. ते धोतर पेटीत तळाशी गेलं. आमचा धंदा हळूहळू सावरला. लोकांनी दोरे जाळून बघणं सोडलं नाही, पण जाळून बघितल्यावर घेत. रहीमभाई पुन्हा बोलू लागले. मी लग्न केलं, मुलं झाली, नव्या राज्यात आमचा जिल्हा गेला. बाई मात्र दरसाल चैत्रात चार दिवस एकटी अहेरीला जायची. कोशाचं बियाणं पाहून येतो म्हणायची. त्यात मला कधी काही वेगळं दिसलं नाही.

मी पोचलो त्या दिवशी पार्वतानं मला सांगितलं, की बाईच्या अंगावर घालायला बायकांनी पेटी उघडली होती. तळाशी ते कोशाचं धोतर निघालं. कोणी म्हणालं, जन्मभर कोसा विणला, तिच्या अंगावर कोसाच घाला. पार्वतानं अडवलं. "तिनं मले सांगून ठेवलं होतं. ते माह्यं नाई म्हणे, त्याले हात लावू नका." बाई सुती लुगड्यात गेली. मी ऐकलं आणि बरं म्हणालो. मी त्या दिवसांत सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

गेल्या आठवड्यात ते धोतर घेऊन मी अहेरीला गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. घरात बसवेना, एवढंच. रस्त्याच्या कडेला मोहफुलं वेचायला बाया बसल्या होत्या. काकू आता खूप थकल्या आहेत. बाई गेल्याचं त्यांना कळलं होतं. मी ओसरीवर बसलो, गाठोडं सोडलं, धोतर पुढे ठेवलं, आणि वर न बघता सगळं बोललो. नकली लड, ताणा-बाणा, गोविंदाभाऊंशी बोललेलं खोटं, तुम्ही ज्यात बाबूंना पोचवलं ते शुद्ध नव्हतं, आणि बाईनं त्या दिवशी हो म्हटलं ते माझ्यामुळे. बोलून झाल्यावरही मी खालीच बघत राहिलो.

काकू म्हणाल्या, "मले ठाऊक आहे."

मी वर बघितलं. "दुसऱ्याच वर्षी आली होती ती," त्या म्हणाल्या. "एकटी. इथी बसली आणि सांगून टाकलं. मी लई रडली. तिले घराबाहेर काढलं मी त्या दिवशी, खोटं काऊन सांगू. पुढच्या चैत्रात पुन्हा आली. पाणी दिलं, बसली, गेली. मंग दरसाल आली. माह्ये डोळे गेल्यावर चार दिवस राहून वर्षाचे गहू निवडून द्यायची." मी विचारलं, मग तिनं मला का नाही सांगितलं. एवढी वर्षं मी समजत होतो, की ते खोटं तसंच तिच्यावर आहे. काकू म्हणाल्या, "मीही हेच म्हटलं होतं तिले, भावाले सांगून टाक, त्याचा जीव हलका होईल. तर म्हणे, माह्यं मी सांगितलं काकू. त्याचं त्याले येऊन सांगू द्या. ते मले नाई करता येत."

म्हणजे दरसाल चैत्रात ती मोटरीत बसायची तेव्हा मी दारात उभा असायचो. दरसाल तिनं मला सोबत चल म्हटलं नाही. वाट मात्र पाहिली असेल…

मी धोतर उचलून काकूंच्या हातात द्यायला गेलो. त्यांनी ते बोटांनी चाचपलं, काठ शोधला, उलटी बाजू अंगठ्यानं घासून पाहिली आणि परत माझ्याकडे सरकवलं. "मले नको. मी काय करू त्याचं? तू नेस. वडिलांच्या श्राद्धाले बसशील तेव्हा नेस." मग त्यांनी ओसरीच्या डाव्या भिंतीकडे बोट केलं. तिथं खाली, बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीला, पांढऱ्या मातीचा पोतारा घासून गुळगुळीत झाला होता, आतली लाल भिंत दिसत होती. "इथी टेकून बसे ती, सूप घेऊन. दिवाळीले सून पोतते, तर मी म्हणतो तेवढं सोड."

मोटर संध्याकाळची होती. उन्हं ओसरीत आली होती. काकूंनी आतून सूप आणलं, त्यात मूठ मूठ गहू ओतले, आणि माझ्यापुढे ठेवलं. मी सरकून त्या भिंतीला पाठ लावली आणि खडे वेचू लागलो.